पाच गाड्यांचे नंबर

कंपनीचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. या महिनाअखेरीपासून तुमच्या जोडणीवरची फोनसेवा बंद होत आहे, इंटरनेट पूर्वीसारखंच चालू राहील, तसदीबद्दल क्षमस्व. मी तो निरोप दोनदा वाचला आणि तेवढ्यात एक वांगं पार कोळसा झालं. इंटरनेटचं मला काय लोणचं घालायचं होतं? तांब्याची जुनी तार मेली तेव्हा कंपनीच्या माणसाने भिंतीवर एक डबा बसवून दिला होता आणि सांगितलं होतं, आता फोन या डब्यातून चालेल, नंबर तोच राहील. त्या एका वाक्यावर मी तो डबा घरात घेतला होता.

नंबर तोच राहणं हा आमच्या घरात जिवाचा प्रश्न होता. जळगावात हे घर बांधलं त्या वर्षीपासूनचा सात आकड्यांचा तो नंबर. आमचे हे रेल्वेत स्टेशन मास्तर होते. भुसावळच्या आजूबाजूच्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली, मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग मुलीचं नाव. आता बऱ्याच दिवशी ते मला त्यांची थोरली बहीण समजतात आणि अक्का म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा मी मोरीत जाऊन रडले होते. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते हे मला अजिबात आवडलेलं नाही, पण होते.

एवढं सगळं गेलं तरी घरचा फोन नंबर मात्र गेला नाही. आणि पायही गेले नाहीत. रोज सकाळी ते 'ड्युटीवर' जायला निघतात. बहुतेक दिवशी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या ओट्यावर बसून, शाळेची पोरं मोजून परत येतात. पण काही दिवशी येत नाहीत. तीन वेळा ते खरोखर हरवले आणि तिन्ही वेळा त्या नंबराने त्यांना घरी आणलं.

एकदा ते जामनेरच्या बसमध्ये जाऊन बसले आणि कंडक्टरचा फोन आला. एकदा भुसावळला प्लॅटफॉर्मवर सापडले. तिसऱ्यांदा केळीच्या कुठल्याशा गाडीवाल्याने त्यांना असोद्याला नेऊन सोडलं. तिथून एका शेतकरीण बाईचा फोन आला. "ओ बाई, तुमचं म्हतारं माणूस आठी बसेल हाये, आमच्या केयीच्या बागात. नंबर त्याहीनंच सांगला. अन् मले म्हने, परत म्हना. बठ्ठे आकडे मले परत म्हनाले लावले, मंगच गप बसले." मी हसले आणि हसता हसता मला हुंदका आला. रेल्वेत फोनवर आकडा ऐकला की समोरच्याने तो परत म्हणून दाखवायचा असतो, नाहीतर तो पोचला असं धरत नाहीत. ह्यांचं डोकं विझलं होतं, पण ही शिस्त जागी होती. लोकांना त्यांची गंमत वाटायची आणि त्या गमतीतच नंबर त्यांच्या तोंडात बसायचा. ते फोन करायचे आणि मी रिक्षा घेऊन धावत जायचे.

आता कोणी केळीच्या बागेतून फोन लावला, तर हा नंबर अस्तित्वात नाही, असं ऐकू येणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकू, आजकाल लँडलाइन कोण वापरतं हो?" मी म्हटलं, "माझा नवरा वापरतो, घराबाहेर असताना." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी सगळं सांगितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वरच्या कुणाला तरी विचारलं, परत विचारलं. हा नंबर मोबाइलवर घेता येत नाही. दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. इथे आलेला फोन मोबाइलकडे वळवायचा तर मुळात नंबर जिवंत असावा लागतो, आणि तोच तर मरतोय. "नवीन जोडणी दुसऱ्या कुणाकडून घ्या ना, नवा नंबर मिळेल," त्या म्हणाल्या. त्या खुर्चीवर बसून मला ओरडावंसं वाटत होतं की बाई, नवा नंबर मला मिळून काय उपयोग, तो ह्यांना मिळायला हवा. पण मी पाणी प्यायले आणि उठले.

त्या आठवड्यात मी आणखी दोन कचेऱ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी मला अर्ज लिहायला सांगितला. मी दोन पानी अर्ज लिहिला, माझ्या मास्तरीणबाईच्या अक्षरात, आणि पोच घेऊन घरी आले. ती पोच अजून फ्रिजवर चिकटवलेली आहे. तिचा तेवढाच उपयोग झाला.

मुलगी धुळ्याहून धावत आली. तिने सोबत एक घड्याळ आणलं होतं. ते मनगटावर बांधलं की माणूस कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं म्हणे. ह्यांनी ते अर्धा तास बांधून ठेवलं, मग काढलं, आणि शेजाऱ्यांच्या जास्वंदीच्या कुंडीत व्यवस्थित पुरलं. दिवसभर मोबाइल सांगत होता की बाबा शेजाऱ्यांच्या अंगणात आहेत. खिशातली चिठ्ठी ते फाडतात. गळ्यातलं कार्ड काढून देवापुढे ठेवतात. हातात घातलेली पत्र्याची पट्टी त्यांनी कात्रीने कापायला घेतली होती आणि मनगटाला जखम करून घेतली होती. सदऱ्याच्या कॉलरच्या आत मी माझा नंबर शिवला होता. पण दुसऱ्याच्या कॉलरच्या आत कोण बघतं? जामनेरच्या कंडक्टरनेही बघितलं नव्हतं.

"आई, आता पुरे," मुलगी म्हणाली. "बाबांना धुळ्याला घेऊन ये. आमचा तिसरा मजला आहे, जाळीचं दार आहे, कुलूप लावता येतं."

"कुलूप इथेही लावता येतं," मी म्हटलं.

"मग लावत का नाहीस?"

लावलं होतं. तिला मी ते कधी सांगितलं नव्हतं. जामनेरच्या प्रकारानंतर मी आठ दिवस दाराला कुलूप घातलं होतं. ते आठ दिवस हे दार वाजवत होते. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. नुसतं विनवत होते. "दार उघडा हो, गाडी सिग्नलला उभी आहे. माणसं आहेत आत. पाणी नाही त्यांच्याकडे." आठव्या दिवशी त्यांनी खिडकीची काच हाताने फोडली. त्या दिवशी मी कुलूप काढलं आणि ठरवलं, हे हरवले तर हरवले, पण असं विनवायला मी पुन्हा लावणार नाही. तेव्हा असं ठरवणं सोपं होतं, कारण मागे तो नंबर होता.

मुलगी धुळ्याला परतली आणि मला एक विचार सुचला, ज्याची मला आजही लाज वाटते. माझ्या सासूच्या हातावर गोंदण होतं, आमच्या गावाकडच्या सगळ्याच म्हाताऱ्यांच्या हातावर होतं. आठवडी बाजारात अजूनही एक बाई मशीन घेऊन गोंदायला बसते. मी ह्यांना रिक्षात घालून तिच्याकडे घेऊन गेले. माझा मोबाइल नंबर कागदावर लिहून तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, ह्यांच्या हातावर, मोठ्या आकड्यात. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. मशीन घरघरलं, आणि पहिली सुई टोचली तशी हे लहान मुलासारखे रडायला लागले. "अक्का, मी काय केलं? मी काय केलं?" म्हणत राहिले. बाईने मशीन बंद केलं. "नको करू माय," ती मला म्हणाली. ह्यांच्या हातावर एक निळा ठिपका राहिला आहे. पहिल्या आकड्याची सुरुवात. त्यांना अंघोळ घालताना तो रोज माझ्यासमोर येतो.

महिना संपायला पंधरा दिवस उरले होते. त्यांना माझा मोबाइल नंबर शिकवण्याखेरीज काही राहिलं नव्हतं. दहा आकडे. शाळेत मी तीस वर्षं पाढे शिकवले, पण इथे माझी मात्रा चालेना. तीन आकडे झाले की ते चौथ्याला हसायचे आणि मला विचारायचे, जेवण झालं का?

मग एके दिवशी मला त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट आठवली. मागच्या स्टेशनचा मास्तर फोनवर विचारतो, गाडी सोडू का? पुढचा मास्तर लाइन मोकळी असल्याची खात्री करतो, सोडा म्हणतो, आणि पुरावा म्हणून एक नंबर देतो. दोन आकडी. हे नंबर छापील पानावर येतात, पान मास्तरच्या टेबलाच्या खणात कुलपात असतं, बाहेर जात नाही. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. लग्नानंतर आम्ही क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा मी डबा घेऊन स्टेशनवर जायचे आणि हे फोनवर नंबर देताना ऐकायचे. काय ऐट असायची आवाजात!

दहा आकडे म्हणजे दोन आकडी पाच नंबर, म्हणजे पाच गाड्या. मी चौकटीच्या वहीचं पान फाडलं, माझ्या मोबाइल नंबराच्या पाच जोड्या एकाखाली एक लिहिल्या आणि पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. नीट वाचलं. खाली सही केली. कितीतरी महिन्यांनी त्यांची सही मी पाहत होते.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि मोबाइलवरून बाहेरच्या खोलीतला आमचा फोन लावला. "हॅलो मास्तर, पाच गाड्या आहेत. पहिली सोडू का?" तिकडून त्यांचा तो जुना आवाज आला. "सोडा. लिहून घ्या." आणि पहिली जोडी. मी परत म्हणून दाखवली. "बरोबर," ते म्हणाले. कढईतला कांदा जळत होता आणि मी ओट्याला टेकून डोळे पुसत होते.

रोज सकाळी आमच्या पाच गाड्या सुटायला लागल्या. दिलेला नंबर ते पेन्सिलीने खोडायचे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी नवं पान लिहायचे. तेच पाच नंबर, त्याच क्रमाने. त्यांना कालचं पान आठवायचं नाही. जिभेला मात्र आठवत होतं. दहाव्या दिवशी त्यांनी पान वाचून खणात ठेवलं, आणि मी फोन केला तेव्हा पान बाहेर न काढताच पाचही नंबर घडाघडा दिले. माझ्या जिवात जीव आला. मी मुलीला लगेच फोन लावला.

"मला ऐकू दे," ती म्हणाली. "त्यांना विचार ना परत."

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. "अहो, ते नंबर सांगा बरं."

"कुठले?"

"आत्ता दिले ते. पाच गाड्यांचे."

"दिले ना. खोडले."

"असू दे, पुन्हा सांगा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घराला आग लावायला निघालेय. "एक नंबर दोनदा देतात का? दोन गाड्या एका लाइनीवर येतील. माणसं मरतील, बाई." मी पुन्हा विचारलं, दरडावून विचारलं, हात जोडले. त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मुलगी फोनवर विचारत होती, काय झालं, काय झालं? मी फोन ठेवून दिला.

मी डोक्याला हात लावून बसले. चाळीस वर्षं स्टेशन मास्तरची बायको आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती? ठाऊक होती. दहा दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर नंबर खोडत होते आणि मला वाटत होतं, खेळतायत बिचारे, खेळू देत. प्रायव्हेट नंबर एकदाच चालतो. दिला की संपला. घरचा नंबर त्यांनी हजार वेळा सांगितला, कारण तो घरचा होता. माझा नंबर मी त्यांना गाडीचा म्हणून शिकवला होता आणि आता तो गाडीचाच राहणार होता. मला माझ्या हुशारीचा इतका संताप आला की मी ती चौकटीची वही पडवीत भिरकावून दिली. थोड्या वेळाने जाऊन उचलून आणली, कारण उद्याचं पान लिहायचं होतं.

महिना संपला. सकाळी अकराच्या सुमारास ह्यांनी सवयीने रिसीव्हर उचलला, कानाला लावला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. आता हे घाबरणार, रडणार असं वाटलं. पण ते अगदी शांतपणे म्हणाले, "फोन फेल आहे." आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता काम पानावरच्या नंबरांवर चालेल."

मी जवळ जाऊन बसले. "मास्तर, कोणी घरचा नंबर विचारला तर?"

"फोन फेल असताना घरचा कसा देणार? पानावरचा द्यायचा."

"कुणी अनोळखी माणसाने विचारलं तर?"

"लिहून घेणार असेल तर द्यायचा. परत म्हणून घ्यायचा."

गेल्या वर्षभरात आम्ही दोघं एकमेकांशी एवढं सरळ बोललो नव्हतो. मी त्यांचा हात धरला. ते ओशाळले आणि हात सोडवून घेतला, ड्युटीवर होते ना.

तेव्हापासून आमचं असं चाललंय. मुलगी म्हणते, तो मेलेला फोन भंगारात दे. मी देत नाही. रोज सकाळी त्यांनी तो कानाला लावून फेल असल्याची खात्री केली पाहिजे, नाहीतर बाहेर गेल्यावर ते जुनाच नंबर सांगतील. त्यानंतर मी पान देते. ते वाचतात, सही करतात, खणात ठेवतात. मग चपला घालून निघतात. मी मोबाइल घेऊन अंघोळीला जाते, मोबाइल घेऊन देवपूजा करते. आणि पाचही नंबर त्यांच्या जिभेवर आहेत की नाहीत हे मला विचारता येत नाही. विचारलं की दिले जाणार, आणि दिले की त्या दिवसापुरते संपणार. ज्या दिवशी ते खरंच हरवतील त्या दिवशीच मला कळेल. हे मला सहन होत नाही, हे सरळ सांगते.

काल मला राहवलं नाही. त्यांनी सही करताना हात मध्येच थांबवला होता आणि बराच वेळ स्वतःच्या नावाकडे बघत होते. सही गेली तर नंबर राहिले असतील का? ते चपला शोधत होते, तेवढ्यात मी दाराशी उभी राहून म्हणाले, "मास्तर, पाच गाड्या आहेत. पहिली सोडू का?"

ते वळले. "सोडा. लिहून घ्या." पहिली जोडी आली. मी परत म्हटली. दुसरी, तिसरी. चौथीला ते अडले. मग चौथी आली, पाचवीही आली. एकही आकडा चुकला नव्हता. मी पदर तोंडात कोंबून रडले. ह्यांनी खणातून पान काढलं, पाच रेघा ओढल्या, पान परत ठेवलं, आणि पायात चपला सरकवल्या. "येतो, अक्का," म्हणाले.

नवं पान लगेच लिहून द्यावं असं मनात आलं. पण आजचं पान आज वापरून झालं होतं, आणि दिवसात दुसरं पान येत नसतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी पुढे झाले, दार लावलं, आणि वर्षभर खुंटीला लटकलेलं कुलूप आतून घातलं.

दुपारभर ते दार वाजवत होते. गाडी सिग्नलला उभी आहे म्हणत होते, आत माणसं आहेत, पाणी नाही म्हणत होते. मी किल्ली मुठीत धरून तिथेच खाली जमिनीवर बसले होते आणि त्यांना सांगत होते, "सगळे नंबर बरोबर आले हो, मास्तर. एकही चुकला नाही."